धाडचे सगळे बैतार

धाडच्या तौसिफचं लग्न बुलढाण्याच्या नाजिशशी थाटात लागलं. बिर्याणी कमी पडली नाही, मांडव उडाला नाही, रुसवेफुगवे वेळेत आटोपले. आणि तौसिफ स्वतः त्या लग्नात शेवटच्या पंगतीला बसून, वाढप्याला दोनदा हाक मारून, शाही तुकडा खाऊन गुपचूप घरी गेला.

हा परिच्छेद छापखान्याच्या चुकीनं आधी आला आहे. तुम्ही तो वाचलेलाच नाही! तौसिफचं लग्न अजून ठरायचं आहे, तो ठिबकच्या दुकानात नळ्यांच्या बंडलावर बसला आहे आणि त्याच्या डोक्यात एक नामी बेत शिजतो आहे. इथून धरा.

तौसिफला जगात एकच दुःख होतं, ते म्हणजे त्याचं नाव. कागदोपत्री तो शेख तौसिफ शेख हनीफ. आपल्याकडची पद्धतच ती! आधी शेख, मग आपलं नाव, मग पुन्हा शेख, मग बापाचं. माणूस दोन शेखांच्या मधे कंसात घातल्यासारखा बसतो. आणि धाडमधे असे शेख तौसिफ तर वांग्यासारखे लागलेले. गाव त्यांना धंद्यावरून ओळखायचं. अंडे तौसिफ, वेल्डिंग तौसिफ, डीजे तौसिफ. आपला हा नळी तौसिफ. त्यातही अल्लानं खास मेहरबानी केली होती. नळी आणि डीजे, दोघांच्याही बापाचं नाव शेख हनीफ!

एरवी हे चालून गेलं असतं. पण मधे नाजिश आली. शिकलेली, चष्म्यातून थेट बघणारी. मावसभावाच्या लग्नात ती तौसिफला एकदाच काय ते "जरा सरका" म्हणाली होती. तेव्हापासून तो जो सरकला, तो जागेवर आलाच नाही. अम्मीनं, म्हणजे अमीनाबींनी, एका नातेवाइकामार्फत स्थळ टाकलं. नाजिशचे वडील शकूर सर. उर्दू शाळेतून निवृत्त, जन्मभर अरबी शिकवलेले, आणि कुणाच्याही शब्दावर सहजासहजी विश्वास न ठेवणारे.

आता मुलीकडचे चौकशी कशी करतात, हे तुम्हाला माहीतच आहे. मुलाच्या घरी जात नाहीत. एसटीनं येतात, स्टँडवर उतरतात, पानटपरीवर सुपारी मागतात आणि सहज आठवल्यासारखं विचारतात. धाडच्या स्टँडवरची ती टपरी इंद्रभानची. त्या टपरीवर जितकी स्थळं मोडली, तितके लोक सुपारी खाऊनही थुंकले नसतील. शकूर सरही तिथंच येऊन थांबले.

"भौ, इथं शेख तौसिफ शेख हनीफ म्हणून एक मुलगा आहे. कसा आहे?"

"हनीफचा तौसिफ?" इंद्रभान पानाला चुना लावत म्हणाला. "लय दिलदार पोरगा हाय सर! उरूस असो, वरात असो, त्याच्याशिवाय गावात काही होतच नाही. फक्त आवाज लय करते. मागं पोलिसाईनं त्याचे भोंगे उचलून नेले, तं हा बी भोंग्याच्या मागं ठाण्यात जाऊन बसला. जेवला बी तिथंच!"

शकूर सरांनी सुपारी तशीच ठेवली आणि परतीची गाडी धरली. संध्याकाळी निरोप आला, मुलगा आवाज फार करतो.

ज्या माणसानं मोबाइलची रिंगसुद्धा कधी मोठी ठेवली नाही, त्याच्याबद्दल हे!

त्या दिवशी तौसिफनं नळ्यांच्या बंडलावर बसून निर्धार केला. आडनाव घ्यायचं. असं घ्यायचं की देशात दुसऱ्या कुणाकडं नसेल. मग करा म्हणावं चौकशी!

ऑनलाइनची कामं करणारा शेखर स्टँडसमोरच बसायचा. जन्माच्या दाखल्यापासून मरणाच्या दाखल्यापर्यंत सगळं त्याच्या एका प्रिंटरमधून निघायचं. मधलं आयुष्य तेवढं लोक बाहेर काढायचे.

"हे पाह्य," शेखरनं स्क्रीन फिरवली. "आडनावाची वेबसाइट. उगम, अर्थ, कोणत्या देशात किती लोक, सारं देते."

"मले असं पाहिजे, जे जगात एकाचंच असन."

"एकाचंच असलं तं तो मेल्यावर आडनाव बंद पडन ना बे! थोडे तं लागतीन."

बराच वेळ दोघं अरबस्तानात फिरले. मग एका जागी तौसिफचं बोट थांबलं. बैतार. उगम, अरबी. अर्थ, घोड्यांचा वैद्य. आढळ, लांबच्या दोन-चार देशांत, तोही तुरळक. भारत, माहिती उपलब्ध नाही.

"माहिती उपलब्ध नाही!" तौसिफनं टेबलावर हात आपटला. "म्हंजे आपल्या देशात मी एकटाच!"

"गंमत म्हणून पाटील टाकून पाहू का?"

"नको. वेबसाइट बसन."

अर्ज गेला, राजपत्रात नाव छापून आलं, आणि शेख तौसिफ शेख हनीफ हा दोन्ही शेखांतून सुटून तौसिफ हनीफ बैतार झाला. इथं थांबला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि त्याचं भलं झालं असतं. पण दुर्मीळ वस्तू घरात आली की माणसाला ती खिडकीत ठेवावीशी वाटते. दुकानावर नवा बोर्ड लागला. 'बैतार ठिबक'. आणि खाली, बारीक अक्षरात, 'अरबस्तान – रोहिणखेड – धाड'. जणू तिन्ही ठिकाणी शाखा!

"रोहिणखेड काऊन?" इंद्रभाननं विचारलं.

"आमचे पूर्वज सुलतानाच्या फौजेसंगं आले ना, तवा तिथं उतरले होते," तौसिफ तुच्छतेनं म्हणाला. "पाचशे अरबी घोडे होते. सारे आमच्या खापरपणजोबाच्या हाताखाली. नाडी पाहूनच सांगायचे, कोणता घोडा लढाईत पळन!"

अमीनाबी मागं तांदूळ निवडत होत्या. "कोणते घोडे बेटा? तुझा पणजोबा गाद्या भरायचा. घरात एक गाढव होतं, ते बी शेजाऱ्याचं."

"अम्मी, इतिहासात बोलू नको!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्याबाई दुकानात आल्या. हातात नळीचं माप नव्हतं. हातात बकरी होती.

"तौसिफ, हिले पाह्य रे बापा. कालपासून काही खाऊन नाही राह्यली."

"काकू, मी नळ्या विकतो."

"मंग त्या बोर्डावर काय लिवलं? इंद्रभान सांगे, जनावराची डॉक्टरी तुमच्या रक्तातच हाय म्हणून. का ते खोटं हाय?"

आता खोटं आहे म्हणावं, तर सुलतानाची सगळी फौज पाण्यात! तौसिफनं खाली बसून बकरीचा पाय हातात घेतला, डोळे मिटले आणि गंभीरपणे मान हलवली. बकरीनं त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या बिलबुकाचं वरचं पान ओढलं आणि खाल्लं.

"खाल्लं! खाल्लं व माय!" कौशल्याबाई बाजारभर ओरडत गेल्या.

झालं! आठवडी बाजाराच्या दिवशी बैतार ठिबकच्या पुढं जनावरं अशी उभी, जणू आतमधे मतदान चालू आहे. लंगडणारा गोऱ्हा, आटलेली म्हैस, अंडे तौसिफच्या उदास कोंबड्या. तौसिफ सगळ्यांचे पाय धरायचा आणि मान हलवायचा. निम्मी जनावरं आपोआप बरी झाली, निम्म्यांना आधीच काही झालेलं नव्हतं. कीर्ती पसरली. नळीचा मात्र एक तुकडा खपेना.

आणि गावात चर्चा सुरू झाली. आडनावात काहीतरी आहे!

"अरबी आडनाव असलं तं दुबईचा व्हिसा दुपारपर्यंत भेटते म्हंते," इंद्रभाननं कुणाला तरी सांगितलं. कुणी सांगितलं, हे त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "सारेच सांगून राह्यले." आणि ते खरंच होतं, कारण सगळ्यांना त्यानंच सांगितलं होतं.

शेखरच्या दुकानापुढं रांग लागली. तौसिफचा जुना अर्ज कॉम्प्युटरमधे तयार होता. नाव बदला, बटन दाबा, पुढचा या! अंडे तौसिफ बैतार झाला. वेल्डिंग तौसिफ बैतार झाला. शेख, खान, पठाण, ज्याला सवड होती तो बैतार झाला.

"माह्या आडनावाची तू झेरॉक्स काढून राह्यला!" तौसिफ शेखरवर धावून गेला.

"मंग त्याच्यावर काय तुझ्या बापाचं नाव हाय?"

"हाव! हनीफ!"

"बाकीच्याईच्या बापाचं नाव अलग हाय ना? मंग तू कायले घाबरतं?"

तौसिफचं समाधान झालं. तौसिफ बैतार कितीही होवोत, वडील हनीफ असलेला एकच! त्यानं नातेवाइकामार्फत बुलढाण्याला निरोप धाडला, मागची चौकशी चुकीच्या माणसाची झाली, कृपया या वेळी 'तौसिफ बैतार, वडील हनीफ' असंच विचारावं. शकूर सरांना मुलापेक्षा त्या आडनावाचंच कुतूहल वाटलं. त्यांनी येतो म्हणून कळवलं.

शेखरनं एक गोष्ट तेवढी सांगितली नव्हती. राजपत्राच्या ताज्या अंकात डीजे तौसिफही छापून आला होता.

ठरलेल्या दिवशी तौसिफ पांढरा पठाणी घालून, अत्तर लावून दुकानात उभा. समोर एसटी थांबली. शकूर सर उतरले, हातात पेढ्यांचा डबा! तौसिफ पायरी उतरणार, तोच कौशल्याबाई तीच बकरी घेऊन आत शिरल्या. बकरी आता गाभण होती आणि तिची वेळ भरली होती.

"धर बापा, अडली हाय!"

"काकू, आज नाही! माह्या जिंदगीचा सवाल हाय!"

"इचा नाही का?"

बाजारातली माणसं जमली. "बैतार असून पळते?" कुणीतरी म्हणालं. तौसिफ गुडघ्यावर बसला. एक हात बकरीच्या पोटावर, नजर रस्त्यापलीकडं. तिथं शकूर सर टपरीवर विचारत होते आणि इंद्रभान, ज्यानं आयुष्यात पहिल्यांदाच खरं सांगायचं ठरवलं होतं, त्यांना सांगत होता.

"तौसिफ बैतार? सोन्यासारखा माणूस सर! गावाचे जनावरं सांभाळते. वडील हनीफ म्हंता ना? मंग तो 'बैतार'चा बोर्ड दिसते ना? तिथंच चौकशी करा."

सरांना दिसला तो डीजे तौसिफच्या 'बैतार साउंड'चा, कारण समोरच्या बैतार ठिबकचा बोर्ड एका म्हशीनं पूर्ण झाकला होता.

नळी तौसिफ डीजेच्या घरी पोचला तेव्हा दोन पिल्लं जन्मली होती, पठाणी पांढरा राहिला नव्हता आणि अत्तराचा वास हरला होता. आत चहा चालू होता. पेढ्यांचा डबा उघडला गेला होता.

"आपण कोण?" शकूर सरांनी नाकाला रुमाल लावत विचारलं.

"तौसिफ बैतार. वडील हनीफ."

"आणि मग हे?"

"मी बी तोच सर," डीजे तौसिफ अदबीनं म्हणाला.

शकूर सरांनी चष्मा पुसला. दोघांना शेजारी बसवलं. शाळेत तोंडी परीक्षा घेतात तसं. "बैतार म्हणजे काय?"

नळीनं हात वर केला. मग आलेच सुलतान, आली फौज, आले घोडे! गर्दीत बोलायची सवय झाल्यामुळं या वेळी पाचशेचे हजार झाले. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, बैतार हा शब्द अरबीत आला यूनानी, म्हणजे ग्रीक भाषेतून. म्हणजे तुमचे खापरपणजोबा रोहिणखेडला यायच्या आधी यूनानला जाऊन आले होते का?"

"रस्त्यात लागत असन सर," तौसिफ म्हणाला.

सर दुसऱ्याकडं वळले. "आणि तुमचे पूर्वज?"

"आमचे अब्बा देऊळघाटहून आले सर. एसटीनं."

"मग हे आडनाव?"

"त्याचा अर्थ मले मालूम नाही. यानं घेतलं, मंग साऱ्याईनं घेतलं, म्हणून मी बी घेतलं. दुबईत डीजेले लय काम हाय म्हंते."

"तुम्ही आवाज फार करता, असं ऐकलं होतं."

"करतो सर. पण बटन माह्या हातात असते. बंद म्हटलं की बंद."

शकूर सर हसायला लागले. बशीतला चहा सांडेपर्यंत हसले. मग त्यांनी बुलढाण्याला फोन लावला, स्पीकरवर, आणि दोन्ही उत्तरं जशीच्या तशी ऐकवली. पलीकडून नाजिशचा आवाज आला.

"अब्बू, जे एसटीनं आले, त्याईले हो म्हणा. घोड्यावाल्याईले म्हणा, सांभाळून जा. रस्त्यात यूनान लागते."

लग्नात काझीसाहेबांनी भर मांडवात नाव वाचलं, तौसिफ बैतार, वल्द हनीफ. शेवटच्या रांगेत एका माणसाचे ओठ हलले.

दुसऱ्या दिवशी तौसिफ शेखरपुढं जाऊन बसला. शेखर तीच वेबसाइट उघडून बसला होता. धाडची सगळी नावं त्यानंच हौसेनं तिथं भरली होती. "बैतार, सर्वाधिक आढळ, भारत. त्यातही जिल्हा बुलढाणा! अरबस्तान मांगं पडला बे!"

तौसिफ हसला नाही. "अर्ज टाइप कर," तो म्हणाला. "मोठ्या साहेबाले."

शेखरनं विनातक्रार टाइप केलं. अर्ज खालीलप्रमाणे:

'मा. जिल्हाधिकारी साहेब, बुलढाणा यांचे सेवेशी. अर्जदार तौसिफ हनीफ बैतार, रा. धाड, विनंतीपूर्वक सादर करतो की, निकाहनाम्यात नमूद वराचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव व गाव अर्जदाराशी तंतोतंत जुळत असून, नाव पुकारतेवेळी अर्जदारानेही शेवटच्या रांगेतून "कबूल" म्हटले आहे (साक्षीदार: शेजारी जेवणारे श्री. तौसिफ बैतार, वेल्डिंग). सबब सदर विवाह अर्जदाराशीच झाला आहे असे समजण्यात यावे. याकामी अभिलेखात कोणतीही दुरुस्ती करावी लागत नसल्याने शासनावर आर्थिक बोजा पडणार नाही. तरी उलट टपाली आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'