दत्ताकाकांच्या विमानातली मागची सीट

आमचे शेजारी दत्ताकाका यांनी विमानाचा पंख आंब्याच्या अढीत घातला होता. होय, पंखच.

उभी हयात बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत चार कलमं सांभाळून स्वस्थ बसेल, अशी आमची भाबडी समजूत होती. काकांनी आंब्याच्या शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधायला घेतलं. आत फोम, वर काचकापड, त्यावर रेझिन. मच्छीमारांच्या फायबरच्या बोटीही साधारण अशाच होतात. पण बोटीला उडायचं नसतं, हे मी काकांच्या कानावर घातलं.

"तुला कोणी विचारलंन?" काका म्हणाले.

पावसात रेझिन कडक होईना. "ऊब हवी रे तेला," म्हणत काकांनी पंख अढीच्या पेंढ्यात पुरला. रेझिन कडक झालं, पण निम्मा पेंढा पोटात घेऊन. मग महिनाभर घासकाम. त्या पंखाला अजून हापूसचा वास येतो.

"बघतो कोण आडवा येतो तो!" हे काकांचं लाडकं वाक्य. ते पावसाला, गेलेल्या विजेला आणि मला सारखंच ऐकवलं जातं. काकू तेवढ्या गप्प. त्यांना गाडी लागते. एसटी जवळच्याच हातखंब्याला पोचेपर्यंत जीव अर्धा होतो, म्हणून संगमेश्वरला लेकीकडेही जात नाहीत. काकांनी जग पालथं घातलं. काकूंची मजल आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत, तीही नाकाला लिंबू लावून.

मध्यंतरी पुण्याहून काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. त्यांनी स्वतः असं विमान बांधून उडवलेलं. सगळं तपासून ते म्हणाले, "रेझिन फार ओतलंय, वजन वाढलंय. मागची सीट काढा. एकट्याला घेऊन उडेल."

"सीट ऱ्हाणार!" काका कडाडले. "बाकी काय काढायचं ते बोला."

काकांनी रंग खरवडला. स्वतः भात सोडला. कोकणात एवढा त्याग कोणी देवासाठीही करत नाही. शेवटी वजन पेलायला पंखच लांब केले. ते शेडमध्ये मावेनात, तर जांभ्याची भिंत फोडली. पंखाचं टोक थेट माझ्या वाटेत आलं. रोज वाकून जायला मी काय यांचा नोकर? एका दुपारी तावातावाने भांडायला गेलो.

विमानाच्या मागच्या सीटवर काकू! मांडीवर सूप घेऊन कुळीथ निवडत होत्या. काका खाली पंख घासत होते.

"काकू, तुम्हाला तर रिक्षासुद्धा लागते!"

"ह्यात नाय हो मळमळत."

काकांनी मान वर केली नाही. "सगळं जग एकट्यानं बघितलं रे. घरी आलो की हिला सांगायचो. ही आपली हूं हूं करत ऐकायची. लाज वाटायला लागली. आता एकट्यानं काय बघायचं नाय."

वाटेचं भांडण मी तिथेच सोडून दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि नाहीच उडालं तर?"

काकूंनी सुपातला खडा बाहेर भिरकावला.

"नाय तर नाय. मी बसलेय इथं. बघते कोण उठवतो मला!"