राजा मेलाच पाहिजे!

शोकांतिका म्हणजे काय असते, हे मी चौक गावाजवळच्या आमच्या खेड्याला यंदा दाखवूनच देणार होतो! गावदेवीच्या जत्रेत दरवर्षी फार्स ठरलेला. नवरा कपाटात, बायको पलंगाखाली आणि प्रेक्षक हसून हसून खुर्चीखाली. पुरे झालं! मी शाळेत मराठी शिकवतो, तेव्हा गावाची अभिरुची ही माझीच जबाबदारी.

नाटक मीच लिहिलं. शेवटी राजा विषाचा प्याला पितो आणि मरतो.

"अहो, आपल्या जुन्या संस्कृत नाटकांत रंगमंचावर मरण दाखवत नसत. ते काय उगीच?" आमच्या सौ. उमा म्हणाल्या.

"त्यांना देवेशसारखा नट मिळाला नसेल!"

देवेश टेंपो चालवतो, पण मरतो काय सुंदर! तालमीत तो मेला की चहावाला किटली खाली ठेवून डोळे पुसायचा. फक्त आईला, म्हणजे गौराबाईंना, त्यानं 'मी राजा झालोय' एवढंच सांगितलं होतं. पुढचं सांगायची छाती झाली नाही. त्या माउलीनं हौसेनं, देवेशला सांगून आलेल्या नेरळच्या मुलीकडच्यांना नाटकालाच बोलावलं. म्हणाल्या, पोरगा मुकुटातच बघू देत! पहिल्या रांगेत ती मुलगी, समिधा, आणि तिचे वडील येऊन बसले.

"सर, आजच्या दिस नाय मेलो तर चालंल का? पाव्हणे आलेत," रंग लावताना देवेश काकुळतीला आला.

"राजा मेलाच पाहिजे!" मी गरजलो. "नायक जगला तर शोकांतिका कसली?"

पडदा उघडला. प्रधान झालेल्या लडकूनं प्याला पुढे केला. देवेश प्यायला, छाती धरून गरगरला आणि कोसळला. मांडवात चिडीचूप! विंगेत माझ्या अंगावर काटा आला. जिंकलो!

"उठ रं मेल्या!"

गौराबाई पदर खोचून थेट रंगमंचावर! त्यांनी आधी प्रधानाचा कान पिळला. "काय पाजलंस रं माझ्या पोराला?"

"कोकम सरबत हाय काकी! देवीशप्पथ!"

"आये, नाटक हाय गं," डोळे मिटूनच राजा पुटपुटला.

"नाटक हाय नं? मग खोटं मरतोस त्यापरीस खोटं जग की! देवीच्या दारात, पाव्हण्यांच्या पुढ्यात मरतोस?"

"देवेश, हलू नकोस! तू मेलायस!" मी विंगेतून ओरडलो.

"तुमी गप ऱ्हावा सर!" गौराबाईंनी मला दम भरला.

मी पडदा ओढणाऱ्या नवशाला पडदा पाडायला सांगितलं. तो दोरी सोडून नाटक बघत होता. "थांबा वो सर, आता कुठं रंगात आलंय!"

इतक्यात पहिल्या रांगेतून समिधा उठली. स्थळ मोडलं, आणि तेही माझ्या नाटकापायी! मुलगी रंगमंचापाशी आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ राजे, उठा! मला लगीन जित्या माणसाशी करायचंय!"

माझ्या सगळ्या दिग्दर्शनाला जागणारा राजा ताडकन उभा राहिला! शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या! "वन्स मोअर!" देवेश हौसेनं पुन्हा मेला, समिधानं त्याला पुन्हा उठवलं. तिच्या वडिलांनी तिथंच गौराबाईंच्या हातात नारळ ठेवला. संगीतासाठी आणलेल्या सनईवाल्याला मी करुण धून शिकवली होती. त्यानं मंगल सूर लावले, मला विचारलंसुद्धा नाही.

मीही पेढा खाल्ला. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. पण माझी शोकांतिका! त्या मांडवात एकही डोळा ओला झाला नाही. मी कोपऱ्यात खुर्च्या एकावर एक ठेवत होतो, तेवढ्यात लडकूची आई हात जोडून समोर उभी राहिली.

"सर, शोकांतिका यवढी चांगली असती, आमाला म्हाईतच नव्हतं! पुढच्या साली आमच्या लडकूला मारा ना. कुठं जमतच नाय वो त्याचं!"