धूळ बसण्यापुरतं पाणी

“शब्द द्यायचा नसंल तर देऊ नगंस, कुंडलिक. पर एकदा दिलास तर पाळ. मोडलास त्या दिवशी माझ्या तसबिरीला हार घालू नगंस.”

आईनं हे सांगितलं तेव्हा ती चांगली धडधाकट होती. जत्रेतल्या फोटोवाल्यापुढं बसून काढलेली तसबीर त्याच दिवशी घरी आली होती, आणि ती कुठं टांगायची हे बघता बघता तिनं तेवढं सांगून घेतलं. पुढं दोन वर्षांनी ती गेली. तेव्हापासून आठ वर्षं कुंडलिक रोज सकाळी आंघोळ झाली की तसबिरीला तुळशी-झेंडूचा हार घालत आला होता. एका दिवसाचा खंड नव्हता. याचं कारण असं, की तो सहसा शब्दच देत नसे. “बघू,” म्हणत असे. त्याची बायको सारजा म्हणायची, लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही हे “बघू” म्हणतात की काय अशी मला धास्ती होती.

सत्तावन्न सालच्या भाद्रपदात आप्पासाहेबांनी त्याला वाड्यावर बोलावून घेतलं. आप्पासाहेब बारामतीचे बागायतदार, आणि कुंडलिक त्यांच्याकडं कारकून. आप्पासाहेबांकडं दोन फटफट्या होत्या, एक बसायला आणि एक दाखवायला.

“पुन्याच्या क्लबाच्या तीन शर्यती हायत,” आप्पासाहेब म्हणाले. “दोन तिकडं झाल्या. शेवटची, ढाल मिळायची, ती आपल्या भागात घ्यायची ठरलीय. जागा तू बघ.”

“मला फटफटीतलं काय कळतंय, साहेब?”

“जागा बघाय सांगितलीय, फटफटी न्हाय. नेम सोपा हाय. गाडी दुकानातनं आनली तशीच पळवायची. आतलं काय काढायचं न्हाय, काय घालायचं न्हाय. रान सपाट पायजे. आन धूळ उडता कामा नये. पुन्याची मंडळी पांढऱ्या पाटलोनी घालून येत्यात.”

“बघू,” कुंडलिक म्हणाला आणि डोक्याला टोपी घालून निघाला.

पहिल्यांदा तो कन्हेरीला गेला. तिथल्या रावजी पाटलांनी मारुतीच्या देवळाभोवतालचं पटांगण दाखवलं. जागा झकास होती. कुंडलिकनं खिशातला क्लबाचा कागद काढून वाचला. गाड्या गोल फिरणार, आणि प्रत्येक वळण डावीकडं घेणार.

रावजी पाटलांनी देवळाकडं तोंड करून हवेत बोटानं डावं वळण काढलं. “म्हंजे मारुती डाव्या हाताला येनार.”

“तसं होतंय खरं.”

“उलटी परदक्षिना.”

“गाडी घालंल ती. मानूस नुसता बसल्याला असनार.”

“तुमी देवळाला उलटी परदक्षिना घालून बगा, बसून,” पाटील शांतपणे म्हणाले. “मग गाड्यांचं बगू.”

कळंबला वेगळीच अडचण निघाली. तिथं संभाजी नावाचे एक म्हातारे बैलांच्या शर्यतीतले जाणकार होते, आणि जोड दात बघून, म्हणजे वय ताडून लावायची, हा त्यांचा रिवाज होता. दोनदाती खोंडापुढं सहादाती बैल सोडला तर ती शर्यत नव्हे, अन्याय, असं त्यांचं म्हणणं.

“गाड्या कितीदाती हायत?” त्यांनी विचारलं.

कुंडलिकनं विचार केला. “सगळ्या अदातच म्हना. दुकानातनं आल्या तशा.”

“मग बरोबरीच्या हायत. घ्या हितं.” म्हाताऱ्यानं रान दाखवलं. ऊस तुटून गेलेलं, आणि टाचेएवढ्या खोडक्या वर काढून बसलेलं. “जरा टोचंल. पर अदात जनावर हाय, उड्या मारंल.”

“बघू,” कुंडलिक म्हणाला.

राहिलं वरकुटं. एस.टी.तून उतरून कोसभर चालत तो तिथं पोचला, तर सरपंच दत्तोबा त्याला थेट फुलाबाईच्या रानात घेऊन गेले. फुलाबाई विधवा बाई, बांधावर उभीच होती. तिचं आठ एकर रान पाटाच्या अगदी शेवटाला. वरचे लोक आपापल्या पाळीचं पाणी घेत खाली येईपर्यंत पाट कोरडा पडायचा. चार वर्षं त्या रानाला पाणी शिवलं नव्हतं, आणि यंदा पावसानंही तोंड फिरवलेलं. रान खळ्यासारखं टणक आणि सपाट झालं होतं. कुंडलिकनं दोन उड्या मारून बघितल्या. धुळीचा लोट उठला आणि तिघंही थोडा वेळ खोकत उभे राहिले.

“जागा नामी हाय,” कुंडलिक म्हणाला. “तेवढी धूळ बसली पायजे.”

“पानी घातलं की बसंल,” फुलाबाई म्हणाली.

“व्हय. धूळ बसन्यापुरतं.”

“माझ्या घागरीनं न्हाय बसायची ती.”

“गाव देईल की. गावाची शर्यत हाय.”

फुलाबाईनं पदर सारखा केला. “गाव चार वर्सं देनारच हाय. तुमी शब्द देता का?”

कुंडलिकच्या ओठांवर “बघू” आलं होतं. पण उन्हं डोक्यावर होती, परतीची एस.टी. एकच होती, आणि सगळ्या तालुक्यात दुसरी जागा उरली नव्हती. “दिला,” तो म्हणाला.

“आन रान माझं यंदाबी पडीक ऱ्हानार. शर्यत न्हाय झाली, तर माझं दोन्हीकडनं गेलं.”

शर्यत न होण्यासारखं काही कुंडलिकला कुठं दिसेना. म्हणून तो हसला आणि म्हणाला, “न्हाय झाली तर मावशी, मी सोता येऊन तुमचं रान पेरून देतो. हा शब्द.”

“पेरायची पाभर धरल्याली हाय का कधी?” दत्तोबांनी विचारलं.

“न्हाय. पर येळ येत न्हाय न्हवं.”

क्लबाचं पत्र दसऱ्यानंतर आलं. शर्यत पुढच्या रविवारी. जमीन नीट ओली करून घ्यावी, धूळ उडता कामा नये, असं त्यात होतं. कुंडलिकनं ते वरकुट्याच्या पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं, फुलाबाईला दिलेल्या पाण्याच्या शब्दाची आठवण करून दिली आणि घरी आला. मागं गावात काय झालं ते त्याला नंतर समजलं.

झालं ते सरळच होतं. वरकुट्याच्या लोकांना जमीन ओली करायची एकच तऱ्हा ठाऊक होती. शिंपडणं हे अंगणाचं काम, रानाला पाणी द्यायचं असतं. दत्तोबांनी आपली सहा तासांची पाळी शर्यतीला दिली. ते ऐकून त्यांच्या भाऊबंदांनी सात तासांची दिली. खालच्या आळीनं वरच्या आळीकडं बघून आठ तासांची दिली. कन्हेरीवाले शर्यत बघायला येणार होते, आणि त्यांच्या नाकावर धूळ बसली तर त्यांनी जन्मभर उणीदुणी काढली असती. शनिवारी संध्याकाळी दत्तोबांनी रानात काठी खुपसून पाहिली. हातभर आत गेली.

“आता हितं धूळ म्हनून उडायची न्हाय,” ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

रविवारी पुण्याहून ट्रकमधून अकरा फटफट्या आल्या. जीपमधून क्लबाचे सेक्रेटरी आले. त्यांची पाटलोन पांढरीशुभ्र होती. रान वरून सुकलेलं, गुळगुळीत, सारवल्यासारखं दिसत होतं. मान म्हणून पहिली फेरी आप्पासाहेबांनी मारायची ठरली. बसायची गाडी घरी ठेवून त्यांनी मुद्दाम दाखवायची आणली होती.

गावच्या वाजंत्र्यांनी ताल धरला. आप्पासाहेब फेटा सावरून निघाले. वीसेक पावलं गाडी ऐटीत गेली. मग ती हळूहळू बुटकी होऊ लागली. आप्पासाहेबांनी वेग वाढवला, तशी ती आणखी बुटकी झाली. शेवटी त्यांचे दोन्ही पाय आपोआप जमिनीला टेकले आणि टेकल्यावर आत गेले. गाडी चालू होती. ती फक्त जात नव्हती. मागचं चाक मात्र जोरात फिरत होतं, आणि मागं सेक्रेटरी उभे होते.

वाजंत्री थांबली. सेक्रेटरींनी चष्मा काढला. चष्म्यामागचे दोन गोल तेवढे स्वच्छ राहिले होते.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“धूळ हाय का?” दत्तोबांनी उलट विचारलं.

“नाही, पण—”

“मग.”

आप्पासाहेबांना दोघांनी काखेत हात घालून काढलं. त्यांचे बूट आतच राहिले. गाडी काढायला दत्तोबांची बैलजोडी आणली. तिनं गाडी ओढत एक फेरी पुरी केली, ती त्या दिवशी पुरी झालेली एकमेव फेरी. कळंबचे संभाजी म्हातारे मुद्दाम आले होते. त्यांनी बैलांचे दात बघितले आणि मान डोलावली.

सेक्रेटरींनी शर्यत रद्द केली. ढाल ट्रकमध्ये परत ठेवली. कन्हेरीचे रावजी पाटील त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, “आमच्याकडं घ्या की. निस्तं उजवीकडं वळा.” सेक्रेटरी रुमाल शोधत होते.

गर्दी पांगल्यावर कुंडलिक बांधावर गेला. फुलाबाई तिथं उभी होती. तिनं मूठभर माती उचलून दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

“मावशी, काय बोलू? रानाचा चिखल झाला तुमच्या.”

“चार दिसात वाफसा यील, रान पेरायजोगं व्हईल,” ती म्हणाली. “शाळू पेराय गुरुवार बरा हाय. बी कवाच आनून ठेवलंय.”

“कवाच म्हंजे?”

“तुमी येऊन गेला न्हाय का, त्याच्या दुसऱ्या दिशी.”

कुंडलिकनं टोपी मागं सारली. “आन शर्यत झाली असती तर?”

“झाली असती तर झाली असती. पानी कुठं जानार हुतं?” तिनं हात झटकले. “तुमी आपलं मनाला लावून घेऊ नगा. दत्तोबाचा गडी पेरंल. तुमाला पाभर धराय येत न्हाय.”

दत्तोबाही तेच म्हणाले. परतताना जीपमध्ये अनवाणी बसलेले आप्पासाहेबही म्हणाले, “म्हातारीनं सोडलं तुला. आता गप कामावर ये. माझं बूट तेवढं तिला काढून ठेवाय सांग.” तिघांनी मोकळं केलं होतं. चौथी तसबिरीत होती, आणि तिचा तसा स्वभाव नव्हता.

बुधवारी संध्याकाळी सारजाला परसात आवाज आला. बघते तर कुंडलिक दोन काठ्या एकमेकींना बांधून, कासरा धरल्यासारखी दोरी धरून, तुळशीपासून न्हाणीपर्यंत सरळ रेषेत चालत होता. रेषा काही सरळ येत नव्हती. सारजा आत गेली आणि भाकरीचं पीठ जास्तीचं घेतलं.

गुरुवारी पहाटे त्याची आंघोळ झाली. हार नेहमीसारखा ओवून तयार होता. कुंडलिकनं तो हातात घेतला, तसबिरीकडं बघितलं, आणि तांब्याच्या वाटीत पाणी घालून त्यात अलगद सोडला.

“घालायचा न्हाय?” सारजानं विचारलं.

“आल्यावर.”

तिनं भाकरीचं फडकं पुढं केलं. आज कचेरीची टोपी खुंटीवरच राहिली. डोक्याला पंचा गुंडाळून, दाराची कडी वाजणार नाही अशी काढून, तो पहिल्या एस.टी.च्या वाटेला लागला.