सोनझरीचा दर्शनी थांबा

माणसाला गाडीत बसण्यापेक्षा गाडी जाताना बघण्यात जास्त समाधान मिळतं, हे आता जगानं मान्य केलं आहे. बसणाऱ्याला धक्के बसतात, शेजारचा पाय पसरतो, आणि कुठंतरी उतरावंच लागतं. बघणाऱ्याला यातला एकही ताप नाही. (त्याला तिकीटही लागत नाही. हा मुद्दा आम्ही थांब्याच्या अर्जात घातला नव्हता.) या सत्याची गावपातळीवर संपूर्ण अंमलबजावणी करणारं गाव म्हणजे परळी तालुक्यातलं, धर्मापुरीच्या अलीकडचं आमचं मौजे सोनझरी. मी तिथला निवृत्त शिक्षक, आणि रेल्वे थांबा संघर्ष समितीचा सचिव. म्हणजे सांगतो ते जबाबदारीनं सांगतो.

आमच्या शिवारातून रेल्वे निजामाच्या काळापासून जाते. थांबत मात्र नाही. वळण असल्यामुळे थोडी हळू होते, आणि आतले लोक आमच्याकडे व आम्ही आतल्या लोकांकडे बघून घेतो. थांबा मिळावा म्हणून आम्ही काय केलं नाही? निवेदनं दिली, निषेध केले, साखळी उपोषणाला बसलो. साखळी उपोषण म्हणजे एक उठला की दुसरा बसायचा आणि उठलेला जेवायला जायचा. आंदोलन लई दिवस चाललं आणि कुणाचंही वजन घटलं नाही.

अखेर आमचे नेते विजयसिंह भैय्या यांनी लक्ष घातलं. दर निवडणुकीला ते थांब्याचा शब्द देत, आणि दिलेला शब्द जपून ठेवत. खर्च करत नसत. या वेळी ते म्हणाले, "थांबा यायचा तेव्हा येईल. तोवर गाडीच तुमच्या हातात आणून देतो." आणि त्यांनी फाटकाजवळच्या खांबावर थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा बसवून दिला. खांबाला नारळ फोडला. त्या दिवसापासून चोवीस तास मोबाईलवर रूळ दिसू लागले. दोन रूळ, खडीच्या गाड्या थांबायच्या तेव्हाचा जुना फलाट, एक लिंब, फाटक आणि गेटमन सुग्रीवची खोली. आवाजासकट.

गावाचा कायापालट झाला. पूर्वी शिट्टी ऐकली की माणसं दारात येऊन गाडी बघत. आता शिट्टी ऐकली की घरात जाऊन मोबाईल बघतात. बंकटशेठचं किराणा दुकान फाटकाला लागून आहे. गाडी आली की त्यांच्या बरण्या वाजतात. शेठ एका हातानं बरणी धरतात आणि दुसऱ्या हातानं मोबाईल काढून गाडी आली का ते खात्री करून घेतात. प्रक्षेपण जरा मागून येतं, त्यामुळे गाडी आधी ऐकू येते, मग निघून जाते आणि मग दिसते. हा दोष रेल्वेचा आहे, असं समितीचं मत पडलं. पुण्यात दिलेल्या आमच्या वनमालाताई ओट्यावर मोबाईल उभा करून पोळ्या लाटतात आणि माहेरचे रूळ बघतात. कारखान्यावर ऊसतोडीला गेलेली माणसं फडात बसून बघतात. गाडी नसताना बघणारे जास्त असतात, असं आमच्या पाहणीत आढळलं. "आज रूळ शांत वाटतायत," असं कुणीतरी खाली लिहितं आणि त्याला पसंतीचे शंभर लाल बदाम मिळतात.

या सगळ्यात साखराबाईंचं प्रकरण तेवढं वेगळं होतं.

साखराबाई म्हणजे सटवाची बायको. सटवा मेंढरांमागं बालाघाटाचे डोंगर पालथे घालणारा माणूस, पण दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात यंत्रावर रक्त धुऊन घ्यायची पाळी आली. परळीचा रस्ता मोठा करायचा म्हणून खोदून ठेवलेला आहे. (खोदण्याचं काम वेळेत पूर्ण झालं.) त्या रस्त्यानं गावातल्या अंगदच्या भाड्याच्या जीपमधून जाऊन आला की सटवा दोन दिवस उठत नसे. दवाखान्यानं जेवढं बरं करावं तेवढं रस्त्यानं काढून घ्यावं, असा हिशेब चालला होता. साखराबाई समितीच्या बैठकीत येऊन म्हणाल्या, "गुरुजी, गाडी थांबली तर माझा मालक जगंल. न्हाई थांबली तर ह्या खड्ड्यातच जाईल त्यो." त्यांची भावना इतिवृत्तात घेण्यात आली.

आणि नवल म्हणजे रेल्वेनं थांबा दिला! प्रायोगिक तत्त्वावर, महिन्यासाठी. सकाळची परळीकडं जाणारी आणि संध्याकाळची येणारी, दोन्ही गाड्या मिनिटभर थांबतील. महिनाअखेरीस अधिकारी येऊन चढणारी माणसं मोजतील. पुरेशी भरली तर थांबा कायम. आम्ही फटाके लावले. पहिल्या दिवशी इंजिनाला हार घालायला सगळं गाव लोटलं. गाडीत कुणी चढलं नाही, कारण चढल्यावर फोटोत येता येत नाही.

पुढं महिनाभर गाडीत चढणारी माणसं दोनच, सटवा आणि साखराबाई. परळीपर्यंत गाडीनं, तिथून अंबाजोगाईची एसटी. खिडकीशी बसून, टेकून, झोप काढत. गावानं हे सगळं कॅमेऱ्यातून आस्थेनं पाहिलं. "सटवानानांची तोंडावरची सूज उतरली," हे आधी पुण्याहून वनमालाताईंनी कळवलं, मग गावाला समजलं. पंधरवड्यात सटवा भाकरी मागून खाऊ लागला. एकदा तर काठी टेकत मेंढरांच्या वाड्यापर्यंत जाऊन आला. लोकांना खरंच आनंद झाला. बदामच बदाम आले.

मोजणीच्या आदल्या दिवशी मारुतीच्या पारावर सभा झाली. घरटी एक माणूस गाडीत चढलाच पाहिजे, असा ठराव सर्वानुमते झाला. साखराबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. घरोघर हिंडल्या. "दादा, योक दिवस या. परळीला जा, च्या प्या, माघारी या. माझं घर वाचंल." सगळे म्हणाले, "येणारच की मावशी! हे काय सांगणं झालं?" आणि सगळे मनापासून म्हणाले, याला मी साक्षी आहे.

इथं आमच्याकडची एक पद्धत सांगणं भाग आहे. लग्न असो, सभा असो, मयत असो, निघण्याआधी फोन करून विचारायचं, "काय बे, कोण कोण आलंय?" उत्तर येतं, "आजून कुणी न्हाई." "मंग मी आत्ताच येऊन काय करू?" यात आळस नाही, अब्रू आहे. आमच्याकडं जो पहिला येतो तो रिकामटेकडा समजला जातो आणि त्याला सतरंज्या घालायला लावतात. त्यामुळे कुणीतरी आल्याशिवाय कुणी येत नाही. पूर्वी फोनवर खोटं सांगून काम भागायचं. "लई गर्दी हाय, तुझीच वाट बघायलेत" म्हटलं की माणूस निघायचा. आता कॅमेरा असल्यामुळे खोटं बोलायची सोय राहिली नाही.

मोजणीच्या सकाळी सोनझरी पहाटेच आंघोळ करून तयार होती. कडक इस्त्रीचे कपडे, खिशात तिकिटाचे सुटे पैसे. मग प्रत्येकानं निघण्यापूर्वी मोबाईल उघडला. फलाटावर एक खुर्ची, तिच्यावर अधिकारी, लिंबाखाली सटवा, शेजारी साखराबाई आणि कुणाचं तरी एक शेळीचं पिल्लू. एवढंच.

बंकटशेठचा मला फोन आला. "गुरुजी, कोण आलंय?"

"शेठ, फलाट तुमच्या दुकानासमोर आहे."

"हाय ना. पण मोबाईलवर कुणीच दिसंना गेलंय."

भैय्यांचाही फोन आला. "गर्दी झाली की कळवा, लगेच निघतो." इकडं गर्दी भैय्या आल्यावर निघणार होती. मी एक चप्पल पायात घालून, दुसरी हातात घेऊन मोबाईलवर लक्ष ठेवून होतो. सचिवानं पहिलं जाणं समितीच्या प्रतिष्ठेला धरून झालं नसतं. बघणाऱ्यांचा आकडा झपाझप वाढत होता. कॅमेरा लागल्यापासून एका वेळी एवढे लोक कधी जमले नव्हते, आणि ते सगळे आमच्याच गावचे होते! माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात साखराबाई उठून थेट खांबाखाली आल्या आणि कॅमेऱ्याकडं तोंड करून ओरडल्या, "आवो, कावून यीना गेलाव? तुमी समदे घरी बसून बगायलाव, मंग हितं कोन हाय? गाडी आली की वो! पळा की!"

हे बोल काळजाला लागले. गाव खरोखर उठलं आणि पळत सुटलं. पण प्रक्षेपण मागून येतं, हे मी सांगितलंच आहे. आम्ही पारापर्यंत पोचलो तेव्हा गाडी परळीकडचं वळण ओलांडून गेली होती. मोबाईलवर मात्र ती अजून फलाटावर थांबलेली होती. त्यामुळे कुणी धीर सोडला नाही. मोबाईल समोर धरून, त्यातली गाडी पकडायला आम्ही जिवाच्या आकांतानं धावलो. फलाटावर पोचलो तेव्हा अधिकारी खुर्ची घडी करत होते.

चढणारी माणसं दोन. (पिल्लू धरलं नाही.)

समिती स्वस्थ बसली नाही. आम्ही अपील केलं. त्या सकाळी कॅमेऱ्यावर हजर असलेल्यांचा आकडा जोडला आणि एवढ्या लोकांची रेल्वेवर किती निष्ठा आहे ते सप्रमाण दाखवलं. रेल्वेचं उत्तर अतिशय सभ्य होतं. सदर ग्रामस्थांची गरज दर्शनाने पूर्ण भागत असल्याचे समितीने स्वतःच सिद्ध केल्याने थांबा रद्द करण्यात येत आहे. तथापि प्रेक्षकांच्या सोयीसाठी सोनझरीजवळ गाडी यापुढे लांब शिट्टी देईल. ही लांब शिट्टी आम्ही लढून मिळवलेली आहे. भैय्यांचा सत्कार झाला.

सटवा पुन्हा अंगदच्या जीपमध्ये गेला. दुसऱ्याच खेपेला जीप फाटकाशी आली आणि फाटक पडलं. डिझेल वाचवायला अंगदनं इंजिन बंद केलं. सटवाच्या समोरून ती सकाळची परळीची गाडी, रिकाम्या खिडक्या घेऊन, लांब शिट्टी देत निघून गेली. फाटक उघडलं, पण जीप काही केल्या सुरू होईना. धक्का मारायला माणसं पाहिजे होती. हे सगळं कॅमेऱ्यात इतकं स्वच्छ दिसत होतं की काय सांगू! वनमालाताईंनी लिहिलं, "अरे, सटवानाना ना हे?" कुणी लिहिलं, "जोर लावा मावशी." हात जोडलेल्या खुणांची रांग लागली. बंकटशेठनं दुकानात बसून लिहिलं, "कुणीतरी जा रे." तो त्या दिवशीचा सर्वांत लोकप्रिय अभिप्राय ठरला. साखराबाई मागून एकट्या ढकलत होत्या. पदर तोंडात धरलेला, डोळ्यांतून पाणी. एकदा त्यांनी मान वर करून कॅमेऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा जीपला खांदा लावला. शेवटी सुग्रीव हिरवं निशाण खोलीत ठेवून आला आणि दोघांनी मिळून जीप चालू करून दिली.

दवाखान्यात पोचेपर्यंत यंत्राची पाळी दुसऱ्याला गेली होती. सटवाला धाप लागली म्हणून ठेवून घेतलं. बातमी कळताच समितीची तातडीची बैठक झाली. सगळ्यांना भेटायला जायची फार इच्छा होती, पण रस्ता असा. म्हणून सटवाच्या खाटेशी एक कॅमेरा बसवावा, असा ठराव केला. भैय्यांनी तो तिथल्या तिथं मंजूर केला. हा निर्णय कळवायला मी साखराबाईंना सुग्रीवनं दिलेल्या नंबरवर फोन लावला.

"गुरुजी, जळू द्या त्यो क्यामेरा," साखराबाई म्हणाल्या. "डागदर रगत मागायलेत. मालकाच्या अंगात रगतच न्हाई ऱ्हायलं. माझं चालंना म्हनतेत. योक मानूस धाडा. हात जोडते, योकच धाडा."

समितीनं हे आवाहन ताबडतोब प्रक्षेपणाखाली टाकलं. प्रतिसाद अभूतपूर्व आहे. बदाम, जोडलेले हात, डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. परगावचे लोकही हळहळले. सगळे एकच विचारतायत, "कोण गेलंय?" अजून कुणी गेलेलं नाही, त्यामुळे कुणी निघालेलं नाही.

आपणही, वाचकहो, इथवर जागचे न हलता आलात. गाडी चुकली तेव्हा आपण हसलात, आणि रगत म्हटल्यावर आपल्याला वाईट वाटलं. समितीनं आपल्याला प्रेक्षकांच्या आकड्यात धरलं आहे. आता आपल्या मनात, कुणीतरी गेलं असेलच, असं येत असेल. तर तसं काही नाही. पण आपण घाई करू नये. पहिल्या येणाऱ्याला आमच्याकडं सतरंज्या घालाव्या लागतात.