एक्स्टेंडेबल जावई

"पोरगं करतंय काय?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"सोलापुरात कचेरीत हाय," मध्यस्थ महालिंगप्पा म्हणाला. "नोकरी एक्स्टेंडेबल हाय."

उमरग्याच्या पेठेत गूळ विकणाऱ्या सिद्रामप्पांना उर्दू वाचता यायचं, कानडीत भांडता यायचं. इंग्रजी मात्र निजामाच्या हद्दीपलीकडे, सोलापुरात राहायची.

"म्हंजी कॉन्स्टेबलाच्या वर का खाली?"

महालिंगप्पालाही ठाऊक नव्हतं. पण 'ठाऊक न्हाय' म्हणणाऱ्याला मध्यस्थ कोण म्हणेल? "आप्पा, कॉन्स्टेबल केवढा शब्द, एक्स्टेंडेबल केवढा! तुमीच बघा की."

आत भाकरी थापणाऱ्या लेकीचा, शिवगंगेचा, हात थांबला. तिला हुद्द्याशी देणंघेणं नव्हतं. मुरूमच्या जत्रेत हाच पोरगा, गुरुलिंग, आकाशपाळण्यात बसून तिच्यापेक्षा मोठ्यानं किंचाळला होता. करायचा तर हाच, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

अर्थ पहिला : फौजदाराच्या आसपासचा हुद्दा.

वाक्यात उपयोग : निजामाच्या पोलिसातला बब्रुवान जमादार दर बाजाराला गुळाचा खडा फुकट उचलायचा. त्या दिवशी सिद्रामप्पांनी त्याच्या हातावर चापट मारली. "ठिवा खाली! जावई एक्स्टेंडेबल हाय माझा."

जमादारानं खडा ठेवला. बोटं चाटावीत की नको, हे त्याला कळेना.

बघता बघता अख्ख्या पेठेला धीर आला. पानवाल्यानं पान बंद केलं. न्हाव्यानं अर्धी दाढी करून वस्तरा मिटला. "आधी पैसं."

"येऊ द्या त्याला," जमादार अर्ध्या दाढीनिशी गरजला. "खोटा निघाला तर दुकानाला कुलूप!"

"खोटा निघाला तर लग्नबी मोडलं," सिद्रामप्पाही गरजले. शिवगंगेची भाकरी करपली.

साखरपुड्याला जमादार पट्टा-पगडीत हजर. समोर गुरुलिंग : उंच, काडीसारखा, खरं बोलायची खोड असलेला.

"हुजूर, आपला दर्जा?"

"दर्जा कसला? नोकरी एक्स्टेंडेबल हाय, एवढंच."

"म्हंजी?"

"म्हंजी साहेबाच्या मनात आलं की वाढवायची."

"काय वाढवायची?"

'मुदत' म्हणायला गुरुलिंगनं तोंड उघडलं.

"हद्द!" दाराआडून शिवगंगा ओरडली.

अर्थ दुसरा : हद्द वाढवणारा.

साल अठ्ठेचाळीस. सोलापूरची हद्द पुढं सरकणार, ही कुजबुज पेठेत रोजची होती. जमादाराची पगडी कलली.

"कुठवर?"

गुरुलिंगनं दाराआडचे डोळे पाहिले आणि मुदत गिळली. "ते साहेबच ठरवत्यात."

"हुजूर, लेकराबाळांचा माणूस हाय मी. जरा ध्यानात ठिवा," असं म्हणत जमादार उलट्या पावली गेला. उंबऱ्याला अडखळला, तर उंबऱ्यालाही सलाम केला.

फाल्गुनात लग्न झालं. भाद्रपदात भारताच्या फौजा आल्या आणि हद्द खरंच वाढत उमरग्यावरून पुढं गेली. "आमच्या जावयानं आधीच सांगितलेलं," सिद्रामप्पा ढेपेवर बसून गिऱ्हाइकांना सांगू लागले.

नोकरी तेवढी वाढली नाही. दुसरी मिळेपर्यंत म्हणून गुरुलिंग सासऱ्याच्या दुकानात गूळ फोडायला आला. फोडता फोडता निम्मा खायचा. जमादार बरा होता, तो फक्त बाजाराच्या दिवशी खायचा.

दोन दिवाळ्या झाल्या. सासूबाई गिरिजाबाईंनी लेकीला हळूच कोपऱ्यात घेतलं. "काय गं, जावईबापू अजून किती दिवस?"

शिवगंगा म्हणाली, "आई, एक्स्टेंडेबल."

या खेपेला अर्थ कुणी विचारला नाही.