चौदा आणि नऊ

एर्गाश-अका कोकंदच्या चौकात लाल दिव्याला झोपले, ते दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी उठले नाहीत. गाडीत ताश्कंदचे चार उतारू होते. त्यातल्या एका म्हातारीने खांदा हलवून विचारलं, "पोरा, पोचलो का रे?" ही हकीकत टॅक्सी-अड्ड्यावर त्यांच्या आधी पोचली, आणि परवान्याच्या कचेरीत तिसऱ्या दिवशी.

सव्वीस वर्षं कामचिकचा घाट चढलेल्या-उतरलेल्या माणसाचा परवाना अडकला. झोपेच्या डॉक्टर नोदिरा यांनी तपासून सांगितलं, की झोपेत यांचा श्वास तासाला चाळीस वेळा थांबतो. रात्री झोप म्हणून ती नाहीच, दिवसा मग डुलक्या. त्यांनी एक यंत्र दिलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, आणि हवा ओलसर राहावी म्हणून बाजूला पाण्याची छोटी पारदर्शक टाकी. दाबाचे आकडे दोन: श्वास घेताना चौदा, सोडताना नऊ.

"महिनाभर, रोज किमान सहा तास," डॉक्टर म्हणाल्या. "आतलं कार्ड सगळं टिपून ठेवतं. ते नीट दिसलं तर मी सही करीन, मग खुशाल गाडी चालवा. नाही तर नाही. आणि आकड्यांना हात लावायचा नाही."

पहिल्या रात्री एर्गाश-अका अकराला झोपले आणि बायकोने, उग्गिलोयने, लग्नानंतर पहिल्यांदाच घड्याळाची टिकटिक ऐकली. पण तीनच्या सुमाराला घसा तंदूरसारखा तापून कोरडा पडला आणि त्यांनी मुखवटा ओढून काढला. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही तेच.

"अहो, चारच तास झाले," उग्गिलोय म्हणाली.

"मग काय लाकूड होऊन पडू? जीभ टाळूला चिकटते!"

ही गोष्ट भिंतीपलीकडे सोतवोल्दीने ऐकली. सोतवोल्दी एअर कूलर दुरुस्त करायचा. न बोलावता येणं हा त्याचा स्वभाव आणि आल्यावर न उठणं हा त्याचा धर्म.

"हवेचंच काम ना, अका? माझ्या हातचा मळ!" त्याने बैठक मारली. उग्गिलोयने त्याच्यापुढे पियाला ठेवला, तळाशी दोन घोट चहा घालून. मान द्यायचा तर थोडं ओतायचं. संपलं की पुन्हा थोडं, म्हणजे यजमानीण उठत राहते आणि पाहुणा बसत राहतो. काठोकाठ भरलेल्या पियाल्याचा अर्थ कोकंदात शेंबडं पोरही जाणतं: या आता.

सोतवोल्दीने यंत्र उलटंपालटं केलं, दोन बटणं एकदम दाबून धरली, आणि डॉक्टरांनी लपवून ठेवलेलं पान उघडलं. "चौदा! अहो, वाऱ्यावर धुणं सुकतं, मग घसा सुकणार नाही? आठ ठेवू. आणि हे दुसरं पाच."

त्या रात्री घोरणं परत आलं, आणि इतके दिवस उपाशी असल्यासारखं आलं. सकाळी सोतवोल्दी स्वतःच लाल डोळ्यांनी हजर झाला.

"कमी करून भागत नाही म्हणजे वाढवायलाच हवं," तो म्हणाला. "बावीस!"

बावीसच्या हवेला घशात जागा पुरेना, ती पोटात उतरली. दुसऱ्या दिवशी पहाटे एका लग्नाचा पुलाव होता. तीनशे पुरुष जेवून उठण्याआधी हात पसरून दुवेसाठी गप्प झाले, आणि त्या शांततेत एर्गाश-अकांच्या पोटाने जे भाषण केलं, त्याला आमीन म्हणावं की नाही हे खुद्द इमामांनाही ठरवता येईना.

"आता शेवटचा उपाय," सोतवोल्दी म्हणाला. "आत कमी, बाहेर जास्त. गरम हवा बाहेर फेकायची, कूलरचं तत्त्वच ते." पण यंत्र दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा होऊच देईना.

"घरात एक तरी शहाणं आहे," उग्गिलोय म्हणाली, आणि तिने सोतवोल्दीचा पियाला काठोकाठ भरला. त्याने तो शांतपणे संपवला आणि पुन्हा पुढे केला.

बाविसाव्या दिवशी नवरा-बायको यंत्र दुपट्ट्यात बांधून दवाखान्यात गेली. डॉक्टर नोदिरांनी कार्ड पाहिलं आणि चष्मा काढला.

"हे आकडे कोणी फिरवले?"

"यंत्र आपोआप…" एर्गाश-अका म्हणाले.

"आपोआप बावीसवर गेलं?"

"जुनं असेल, लेकी. म्हातारपणी तोल जातो."

"अका, असं असेल तर सही विसरा."

एर्गाश-अकांचा चेहरा उतरला. घाटातल्या वळणांची नावं त्यांना नातवंडांच्या नावांपेक्षा जास्त पाठ होती. ते हळूच म्हणाले, "घसा सुकतो हो. तीन वाजले की सुकतोच. म्हणून हा सगळा उपद्व्याप."

"टाकीत पाणी घालता ना?"

"मी घालते की!" उग्गिलोय पुढे सरसावली. "उकळून, निववून, चांगल्यातल्या किटलीने."

"किती?"

उग्गिलोयने डॉक्टरांच्या टेबलावरचा रिकामा पियाला उचलला, तिथल्याच किटलीतून चहा ओतला, डावा हात छातीशी धरला आणि पियाला पुढे केला. तळाशी दोन घोट.

डॉक्टर नोदिरा पियाल्याकडे बघत राहिल्या. त्याही कोकंदच्याच सून. "खाला," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "टाकीवर एक रेष आहे. वरती."

"पाहिली ना. पण नवऱ्याला काठोकाठ कसं भरू?"

"टाकी कोण बघायला येतंय?"

"हे बघतात की!"

डॉक्टरांनी आकडे पुन्हा चौदा आणि नऊ केले, ते लपलेलं पान कुलूपबंद केलं आणि महिना पहिल्यापासून मोजायला घेतला.

तीस दिवसांनी दोघं पुन्हा समोर बसली. कार्ड पाहताना डॉक्टरांचा चेहरा उजळत गेला. रोज सात तास. श्वास थांबणं तासाला दोनदा, तीनदा. मग त्यांचं बोट अडलं.

"हे काय? रोज तीनच्या आधी यंत्र एक मिनिट बंद?"

एर्गाश-अका खिडकीबाहेर बघू लागले.

"पाणी घालते मी," उग्गिलोय म्हणाली.

"रेषेपर्यंत भरायला सांगितलं होतं ना?"

"पहिल्या रात्री भरलं होतं. यांनी टाकीकडे पाहिलं, मुखवटा खाली ठेवला आणि पलंगाखालची बॅग काढली. म्हणाले, एक्केचाळीस वर्षांनी सांगतेस होय, निघतो. म्हणून मग थोडंच घालते, आणि उठून पुन्हा थोडं."

"रोज उठता?"

"त्यात काय? पूर्वी यांच्या घोरण्याने रात्रभर जागी होते. आता एकदाच उठते."

डॉक्टरांनी कागद ओढला, सही केली, शिक्का मारला. मग किटली उचलून एर्गाश-अकांच्या पुढ्यातला पियाला भरू लागल्या. अर्धा झाला, पाऊण झाला, चहा काठाला टेकून थरथरायला लागला.

एर्गाश-अकांनी पियाल्याकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं, आणि चेहरा खुलला.

"आत्ता कसं!" ते म्हणाले, आणि चटका बसत असतानाही एका दमात पियाला रिकामा करून अड्ड्याच्या दिशेने निघाले.