नागनाथअण्णांचं ट्रान्झिट

आमच्या हुलसूर गावात नागनाथअण्णांसमोर ‘ट्रान्झिट’ हा शब्द जपून वापरावा लागतो. एकदा कुरिअरवाल्याने त्यांना फोनवर सांगितलं, की पार्सल ट्रान्झिटमध्ये आहे. अण्णांनी शांतपणे विचारलं, “कोणत्या?” त्याने फोन ठेवून दिला. पार्सल पाच दिवस उशिरा आलं. अण्णांच्या मते, त्याला उत्तर माहीत नव्हतं म्हणून.

अण्णा माझे शेजारी. जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात होते. खात्याने भंगारात काढलेलं एक जुनं पितळी मोजणीयंत्र त्यांनी लिलावात घेतलं आणि गच्चीवर तिपाईवर उभं केलं. शेतं मोजायचं काम संपल्यावर त्यांनी त्याची दुर्बीण आभाळाकडे वळवली, आणि गल्लीला या शब्दाचे अर्थ कळू लागले. पहिला अर्थ म्हणजे हे यंत्रच; खात्यात त्याला ट्रान्झिटच म्हणत. दुसरा, तारा डोक्यावरची दक्षिणोत्तर रेघ ओलांडतो तो क्षण. तिसरा, बुध किंवा शुक्र सूर्याच्या तोंडावरून ठिपक्यासारखा सरकतो तो प्रकार. मी भीतभीत चौथा सुचवला, ज्योतिषातला. अण्णा म्हणाले, या राशीतून त्या राशीत जाणं म्हणजे घर बदलणं; तसं करणाऱ्याला भाडेकरू म्हणतात.

गल्लीतल्या मनोहररावांच्या मुलीला, सुनीताला, बेंगळुरूच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तेव्हा या चौथ्या अर्थाने घोटाळा केला. मनोहरराव शेतकरी माणूस, पण मोबाइलवर एका ज्योतिषाला नेमाने ऐकतात. त्याने सांगितलं होतं, शनीचं ट्रान्झिट चालू आहे, मुलींनी घर सोडू नये. मनोहररावांनी जाणं रद्द केलं. सुनीताने दोन दिवस जेवणाला हात लावला नाही. तिची आई रडत माझ्याकडे आली. मी मनोहररावांशी तासभर बोललो आणि हात हलवत अण्णांकडे आलो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि कधी नव्हे ते अर्थ विचारला नाही. दिवाळी नुकतीच झाली होती. संध्याकाळी सातच्या आत त्यांनी मनोहररावांना गच्चीवर बोलावलं. शनी वर आला होता. यंत्राला डोळा लावायला मनोहररावांना जवळजवळ जमिनीवर बसून मान वाकडी करावी लागली.

बराच वेळ बघून ते म्हणाले, तुरीच्या दाण्याला कान फुटल्यासारखं दिसतंय. मग त्यांना शंका आली, की यंत्र उलटं दाखवतं. अण्णा म्हणाले, शनी उलटासुलटा सारखाच.

दाणा हळूहळू काचेवरच्या उभ्या, म्हणजे दक्षिणोत्तर, रेघेपाशी आला आणि ओलांडून गेला.

“झालं ट्रान्झिट,” अण्णा घड्याळ बघून म्हणाले. “हे रोज व्हायलंय. सुनीता जन्मली त्या दिवशीबी झालं. पोरीला जाऊ द्या, मनोहरराव.”

मनोहरराव गुडघे धरून उठले. जिना उतरताना त्यांनी मला विचारलं, बेंगळुरूची गाडी भालकीहून की बसवकल्याणहून?

सुनीता निघाली त्या दिवशी बसवकल्याणच्या स्टँडवर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गाडी दिसेनाशी झाल्यावर ते शेजारच्या कलबुर्गीच्या गाडीत चढले आणि मला म्हणाले, “येता का? कलबुर्गीहून पुढं अफजलपूरला जायचंय.” मला वाटलं, यंत्राचा एखादा स्क्रू मिळवायचा असेल.

वाटेत त्यांनी सांगितलं. अफजलपूरला त्यांची धाकटी बहीण असते, शकुंतला. मॅट्रिकला ती तालुक्यात पहिली आली होती. मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता. वडिलांनी पत्रिका दाखवली, साडेसाती निघाली, आणि ट्रेनिंगऐवजी लग्न ठरलं. अण्णा तेव्हा नोकरीला लागलेले होते, घरात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते बोलले नाहीत. त्यानंतर दर भाऊबिजेला जाऊन ओवाळून घेत आले. पण तो विषय दोघांनीही कधी काढला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा शकुंतलाअक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. भाऊबीज होऊन गेली होती, म्हणून त्या घाबरल्या.

“अण्णा, मधीच कामून आलास? बरं हाय न्हवं?”

अण्णा उभेच राहिले. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाले, “शकू, तुझ्या ट्रेनिंगच्या वक्ताला मी बोलायला पायजे होतं.”

अक्कांचे हात थांबले. गल्लीतून एक ट्रॅक्टर ऊस घेऊन लांब गेला.

“तू बोलला असतास तरी अप्पांनी ऐकलं नसतं,” त्या म्हणाल्या.

“नसतंच ऐकलं,” अण्णा म्हणाले. “पण तू ऐकलं असतंस.”

अक्कांनी पदराने डोळे पुसले. मग घोंगडीवरच्या शेंगा सारून त्यांनी आपल्या शेजारी जागा केली, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेले अण्णा तेवढ्याशा जागेत अंग चोरून बसले.